बाईच्या केसांसाठी रानतीळ

मंडळी, आज सकाळी आसगावला माझी मोठी बहीण वारली. आम्ही तिला बाई म्हणायचो. आई लवकर गेल्यानं मला तिनंच वाढवलं.

सत्तरच्या दशकात आमच्या घरी साबण कुठला! बाई धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, रानतिळाचा पाला थंड पाण्यात घोळायची. पाणी बुळबुळीत झालं की त्यानं आमची डोकी धुवायची. मी ओरडलो की म्हणायची, "कल्ला कायले करतं बे? टक्कल पडल्यावर याद करशील!"

टक्कल पडलंच.

परवा तिनं माझा हात धरला. "मले शेवटची आंघोळ घालान, तं केस तिळाच्या पाल्यानंच धुजा."

आज बायका पाणी तापवत होत्या, तेव्हा मी धुरे धुंडाळत होतो. ऐन भादव्यात सगळं पिवळं. भाचा हळूच म्हणाला, "मामा, तो कचरा आमीच तणनाशक फवारून मारला."

शेवटी बाईच्या सुनेनं शाम्पूची पुडी फोडली. मी तोंड फिरवलं.

तुमच्या धुऱ्यावर रानतीळ असेल, तर दोन झाडं बोंडं वाळेपर्यंत राहू द्याल का? मूठभर बी मला हवं आहे. बाईच्या धुऱ्यावर टाकीन. त्या पाल्यानं आता कोणाचं डोकं धुवायचं, ते मात्र ठाऊक नाही.