लॉजच्या राखणदाराने काढलेला फोटो

आंबोलीच्या पुढे जंगलात एक लॉज आहे. त्याच्या जाहिरातीचे फोटो काढायला मी दर हिवाळ्यात कुडाळहून जातो. तिथला राखणदार चालता चालता मधेच थांबतो, मान वाकडी करून एखाद्या झाडाकडे बघतो आणि जिभेने "टक्" असा आवाज करतो. बोलतो इतकं सावकाश, की ऐकणाऱ्याचा चहा संपावा. "घाई करू नकात. धुक्याक वेळ देवक व्हयो." म्हणजे धुक्याला वेळ द्यायला हवा.

यंदा दोन दिवस मी भल्या पहाटे कुडकुडत कॅमेरा लावून बसलो, पण फोटोत नुसता पांढरा पडदा आला. तिसऱ्या सकाळी त्याने तडा गेलेला मोबाइल मला दाखवला. विहिरीमागून दिसणारं लॉज, न्हाणीच्या चुलीचा धूर कौलांवरून धुक्यात मिसळतोय आणि नेमकं तिथेच ऊन पडलंय. मला त्याचा हेवा वाटला. "बरा आहे," एवढंच मी म्हणालो.

दुपारी मालक आले. त्यांना माझा एकही फोटो पसंत पडेना. तेव्हा राखणदाराने मोबाइल पुढे केला.

"वा! हा कुणी काढला?"

"तेंनीच काढल्यानी, माझ्या मोबाइलवर," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

मालकांनी माझी पाठ थोपटली. मी तो फोटो माझ्या फोटोंमध्ये घालून घेतला.

निघताना त्याला विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुमका तो व्हयो होतो," तो म्हणाला. "माका ता रोज दिसता."

तो फोटो आता माझ्या नावाने जाहिरातीत आहे, आणि मला त्या माणसाचा अजून हेवा वाटतो.