मधल्या गोलात फक्त अंगठा

सौंसरजवळच्या एका संत्र्याच्या शेडमध्ये देवकाबाई बावीस वर्षांपासून मुकादमीण आहे. धुतलेलं फळ पट्ट्यावरून सरकत येतं, दोन्हीकडे बाया उभ्या राहून निवडतात आणि पट्ट्याच्या टोकाशी देवकाबाई. डोळे मिटून देठाशी अंगठा दाबला तरी सांगते, हे फळ दिल्ली गाठते का छिंदवाड्यातच बसते.

शेडमध्ये ती सगळ्यांची मावशी. मालक वीरेंद्र तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण तिच्यासाठी बाबूजी. बायांना ती बोलायची, घालूनपाडून बोलायची. कोणाला ताप आला तर हाताला धरून दवाखान्यातही तीच न्यायची. बोललेलं असं फिटून जाते, असं तिचं म्हणणं.

मोहगावची सुप्रिया दोन हंगामांपासून देठ पाहायच्या जागी होती. बी.एस्सी. झालेली, बोलायला सरळ. त्यात लाडीगोडी नाही न तोराही नाही. गेल्या हंगामात तीन दिवस अवकाळी लागून राहिला न चौथ्या दिवशी एका बागेचा माल आला. सुप्रियानं हातातलं फळ पुढं केलं. म्हणे, "मावशी, हे देठाशी नरम आहे. दहात दोन तरी निघून राहिले. आज गाडी नका भरू, एक दिवस ठेवून पाहू."

देवकाबाईनं कमरेवर हात ठेवला. "काहून वं, कॉलेजात संत्रं शिकवत होते का तुले? तुझ्या जन्माच्या आधीपासून हात लावून राहिली मी. चाल, हात चालव."

बाया हसल्या. सुप्रियानं फळ पट्ट्यावर ठेवून दिलं. थोड्या वेळानं, कोणी पाहत नाही असं पाहून, देवकाबाईनं दोन-चार फळांना अंगठा लावला. नरमच होती. पण सगळ्यांपुढं बोलून बसली होती, आता मागं कशी येणार? गाडी भरली.

दिल्लीत अर्धी गाडी सडकी निघाली. वीरेंद्रबाबू पट्ट्यापाशी आले आणि एवढंच विचारलं, कोणाच्याच ध्यानात आलं नाही का? आवाजही चढवला नव्हता. पण देवकाबाईची मान खाली गेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "बाबूजी, पोट्टीनं सांगतलंच नाही मले."

सुप्रियानं एकदा तिच्याकडे पाहिलं. अ‍ॅप्रन काढला, नीट घडी केली, कॅरेटवर ठेवला आणि निघून गेली. तिला कोणी थांबवलं नाही. देवकाबाईनंही नाही.

दोन महिन्यांनी माल घेणाऱ्या कंपनीनं नागपूरहून एक मॅडम पाठवली, कामावर कसं बोलावं ते शिकवायला. बायांना तरटावर बसवून तिनं फळ्यावर एकाखाली एक तीन गोल काढले. वरच्या गोलात आपले मायबाप बसले असतात, दटावतात, गोंजारतात. खालच्या गोलात आपणच, लहानपणीचे. भेतात, रुसतात, मार चुकवायला खोटं बोलतात. मधल्या गोलात मोठं झालेलं माणूस. समोर काय आहे ते पाहते न तेवढंच बोलते. तिघंही प्रत्येकात असतात, वेळेवर तोंड कोण उघडते ते महत्त्वाचं. आणि एक जण वरच्या गोलातून बोलला का समोरच्याला खालच्यात ढकलतो.

देवकाबाईला मजा वाटली. मग मॅडमनं खेळ मांडला. देवकाबाई झाली कामावरची पोरगी, पट्ट्यावरची कुसुम झाली मुकादमीण. कुसुम नकलाकार. तिनं पदर खोचला, कमरेवर हात ठेवला न म्हणाली, "काहून वं, कॉलेजात संत्रं शिकवत होते का तुले?"

शेड हसून लोटपोट झालं. देवकाबाईही हसली. मग तिची बोलायची पाळी आली न तिच्या ध्यानात आलं. दोन महिने झाले तरी कुसुमला अक्षर न अक्षर पाठ होतं. म्हणजे सगळ्यांनाच होतं. बाबूजींपुढं ती खोटं बोलली, हे त्या दिवसापासून पट्ट्यावरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं, आणि तरी त्या तिला मावशी म्हणत होत्या.

पोरींशी वरचा गोल, बाबूजींपुढं खालचा. बावीस वर्षांत मधल्या गोलात फक्त तिचा अंगठा होता, जीभ कधी नव्हती.

रविवारी ती मोहगावला गेली. रडायचं नाही, हे बसमध्येच ठरवलं होतं. रडणं म्हणजे पुन्हा खालचाच गोल. सुप्रियानं पाणी दिलं. देवकाबाई म्हणाली, "तू सांगतलं होतं. मग मीही हात लावून पाह्यला. बाबूजींपुढं खोटं बोलली मी."

सुप्रिया म्हणाली, "मले मालूमच आहे, मावशी. ज्याले मालूम नाही त्याले सांगा."

सोमवारी देवकाबाई मालकाच्या खोलीत गेली. बसायला सांगितलं नाही तरी खुर्चीवर बसली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. वीरेंद्रबाबूंनी मोबाइलमधून मान वर केली नाही. जाऊ द्या न देवकाबाई, झालं ते झालं, म्हणाले. सुप्रियाला परत बोलावता का, हे तिनं दोनदा विचारलं. तिच्या जागी पल्लवी लागली न, ते म्हणाले, आता कायले?

देवकाबाई पट्ट्यावर आली. पल्लवीच्या हातात एक फळ होतं, अंगठा देठावर थांबला होता. देवकाबाईनं आवाज खाली आणून विचारलं, "पल्लवी, तुले का वाटते? चालते का हे?"

पल्लवीनं आधी बायांकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे. फळाकडे नाही पाहिलं.

"तुम्ही म्हणान तसं, मावशी."

देवकाबाईनं ते फळ तिच्याच हातात राहू दिलं न वाट पाहत उभी राहिली. तेवढ्यात पट्ट्यावरून पंधरा-वीस फळं कोणी न पाहताच पुढं निघून गेली.