एकोणीस नावांचा कागद

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ग्लिकेरिया उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ वैरत होती. पातेलं तसंच टाकून ती धावली. पलीकडे तिची लेक ओतिलिया होती, शहरातल्या इस्पितळातून. नववा महिना लागलेला, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी सोमवारी पोट उघडून बाळ काढायचं ठरवलं होतं.

"आई, एक विचारू? ओरडायचं नाही."

"बाळ हलतंय ना?"

"हलतंय गं. मी उशीबद्दल बोलतेय."

ग्लिकेरियाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू म्हणालीस, लिंडनची फुलं भरलीत, शांत झोप लागेल. रात्रभर मानेला काहीतरी टोचत होतं. सकाळी शिवण उसवली. फुलं आहेत, मान्य. पण फुलांत तुझ्या अक्षरातला कागद आहे. देवदूत मिखाईल काय, ती सैतानीण काय, तिची नावं काय, सगळा दरबार भरलाय."

"फाडलास?"

"ऐक तरी. शेवटी लिहिलंयस, देवाची दासी स्मारांदा हिच्या दारातून मागे फीर. ही स्मारांदा कोण?"

ग्लिकेरियाने खुर्ची ओढली, पण बसली नाही. चुलीवरचं पीठ करपल्याचा वास आला तरी ती तशीच उभी राहिली.

पोयाना म्येर्लेई गावात दिवस भरत आलेली बाई पूर्वी दोन घरी जायची: सुईणीकडे आणि ग्लिकेरियाकडे. सुईण वारली, तिच्या जागी सरकारी दवाखाना आला. ग्लिकेरियाच्या जागी कोणी आलं नाही. गरोदर बायकांवर आणि तान्ह्या पोरांवर टपून असते ती साम्का. मांजर होऊन येते, माशी होऊन येते, कोळी होऊन छतावरून उतरते. देवदूत मिखाईलने एकदा तिला डोंगरउतारावर गाठलं, केसांना धरून लोळवलं आणि सोडण्याआधी तिच्याकडून तिची एकोणीस नावं वदवून घेतली. ज्या बाईपाशी ती नावं लिहिलेली असतील, तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करवून घेतलं. एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण एकोणीसच्या एकोणीस नावं ओळीने फक्त ग्लिकेरियाला येत.

ती नावं तिला सासूकडून मिळाली. सासूला लिहिता येत नव्हतं, पण नावं तोंडपाठ होती. नवी सून पोस्टात कारकून आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, हे कळल्यावर म्हातारीने लग्नाच्या तिसऱ्याच आठवड्यात तिला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. पुढे एकतीस वर्षं ग्लिकेरिया पोस्टाच्या खिडकीमागे बसली. कम्युनिस्ट पक्षाच्या राजवटीत असल्या कागदापायी नोकरी गेली असती, म्हणून ती तारेच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर नावं लिहायची आणि पाकिटात घालून खिडकीतून सरकवायची. एकदा पक्षाच्या सचिवाची बायको आली. तोंडाने तिकिटं मागितली आणि हात पोटावर ठेवला. ग्लिकेरियाने तिकिटं दिली, पाकीटही दिलं.

नवे पाद्री आले ते या प्रकाराला हसायचे. चर्चच्या घुमटात देवदूतांच्या नऊ श्रेण्या रंगवलेल्या आहेत. ग्लिकेरिया त्यांच्याकडे पोस्टाच्या हुद्द्यांसारखं बघायची. सहा पंखांचे, डोळ्यांनी भरलेल्या चाकांचे, सिंहासनं झालेले, हे सगळे मुख्य कचेरीतले. ते कधी खाली उतरत नाहीत. फिरतीवर येतात ते शेवटच्या दोन श्रेण्यांतले, मिखाईल आणि ज्याच्या त्याच्या उजव्या खांद्यावरचा राखणदार. भुतांचंही तसंच. वाऱ्यावरची निराळी, पाण्यातली निराळी, भर दुपारी शेतात गाठणारी निराळी. साम्का त्यांच्यात सगळ्यांत हलकी, म्हणूनच सगळ्यांत जवळची.

"ग्लिकेरियाबाई, कागदाला घाबरते ती सैतानीण कसली?" पाद्री एकदा म्हणाले.

"कागदाला सरकार घाबरतं फादर, मग तिने का घाबरू नये?"

सासूचे नियम मात्र तिने कधी मोडले नव्हते. उपाशीपोटी लिहायचं. लिहिताना बोलायचं नाही. एका दिवशी एकच. एका बाळंतपणात एका बाईला एकच कागद. दुसरा लिहिला तर साम्काला कळतं की पहिल्यात खोट होती. आणि एकदा दिलेला कागद बाईने अंगावेगळा करायचा नाही.

या बुधवारी तिने दोन लिहिले. एक स्मारांदाचा, दोन महिन्यांपूर्वी शब्द दिलेला. तो पुरा होतो न होतो तोच जावयाचा निरोप आला की ओतिलियाला इस्पितळात ठेवलंय. ग्लिकेरिया पुन्हा टेबलाशी बसली. नियम आठवत होता, तरी लिहिलं. दोन्ही कागद सारख्याच घड्या घालून सारख्याच पांढऱ्या कापडात शिवले. एक पुडी स्मारांदाकडे गेली, दुसरी उशीत भरून इस्पितळात. आता तिला ते टेबल स्पष्ट दिसत होतं: दोन पुड्या, शेजारी शेजारी, आणि तिने वर काही खूणसुद्धा केली नव्हती. एकतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या घरी गेलं नव्हतं.

"आई? आहेस ना?"

"तो कागद नीट ठेव. मी तुला नंतर फोन करते."

"अगं, पण स्मारांदा..."

तिने फोन ठेवला, पातेलं उतरवलं, बूट चढवले.

स्मारांदाचं घर ओढ्यापलीकडे. मार्चमधला चिखल घोट्यापर्यंत. चालताना ग्लिकेरियाच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. ओतिलियाचं नाव स्मारांदाच्या घरी, स्मारांदाचं नाव ओतिलियाच्या उशाशी. म्हणजे दोन्ही दारं उघडी. ओतिलियासाठी दुसरा कागद लिहिता येत नाही. तेव्हा हा आज परत घ्यायचा, उद्या सकाळच्या बसने शहरात न्यायचा, तिकडचा इकडे आणायचा. साधं आहे. स्मारांदाला सांगायचं, पोरी, चूक झाली.

दारातच तोआदेर भेटला, स्मारांदाचा नवरा. हाताला निळा रंग लागलेला. अंगणात पाळणा उलटा ठेवला होता, अर्धा रंगवलेला.

"या मावशी! तुमच्या कागदाची तक्रार आहे माझी. तो माझ्या बायकोशी माझ्यापेक्षा चिकटून झोपतो."

"आत या मावशी, त्याचं काय ऐकताय?" आतून स्मारांदाची हाक आली.

ती कणीक मळत होती. ग्लिकेरियाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला दोन महिन्यांपूर्वीची बाई आठवली. डोळ्यांखाली काळं, खिडकीवर माशी बसली तरी किंचाळणारी. दोन मुलं गेली होती तिची. त्या दोन्ही वेळी तोआदेरने पाळणा केला होता. पुढे कोणी त्याकडे बघायला तयार नव्हतं, म्हणून फोडून जाळला.

"झोप कशी आहे?" ग्लिकेरियाने विचारलं.

"बुधवारपासून? सकाळी तोआदेर हलवून उठवतो मला. भूकही लागते. काल चार अंडी खाल्ली, सासूबाई बघतच राहिल्या."

"जरा दाखव बघू तो कागद. शिवण बरोबर बसलीय का बघते."

स्मारांदाचा पिठाचा हात झटकन छातीशी गेला. "नाही हं. तुम्हीच म्हणालात ना, अंगावेगळा करायचा नाही?"

"माझ्याच हातात देतेयस."

"तुमच्याही नाही." ती हसत होती, पण हात हलला नव्हता. "मावशी, खरं सांगू? मला आतली नावं दिसत नाहीत, शिवलेली आहेत ना. पण शेवटी माझं नाव आहे हे माहीत आहे. तेवढ्यावर बोट ठेवून झोपते. कापडावरूनच."

ग्लिकेरियाचं तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं. बाहेर तोआदेर शीळ घालत होता. स्मारांदाने तिच्यापुढे कोबीच्या सारणाची गरम पोळी ठेवली. तिने अर्धी खाल्ली आणि चव कळली नाही. उठताना पुन्हा एकदा वाटलं, सांगावं. पोटची लेक तिकडे आहे, ही कोण आपली? मग तिने स्मारांदाचा हात पाहिला, पीठ वाळून फुटत चाललेला, अजून छातीशीच.

"पाळण्याला दुसरा हात द्या रंगाचा," ती तोआदेरला म्हणाली आणि चालू लागली.

वाटेत पाद्री भेटले. ती थांबणार नव्हती, पण थांबली.

"फादर, एकीचं दार दुसरीने राखलं, तर चालतं का?"

"त्यालाच तर आम्ही प्रार्थना म्हणतो. पण कागद लागत नाही हो तिला."

"कागदाशिवाय तुमच्या लक्षात राहतं, माझ्या नाही," ती म्हणाली. उत्तर मिळालं की नाही हे तिला कळलं नाही. सासूला विचारावं तर ती बावीस वर्षांपूर्वी मातीआड गेलेली.

घरी येऊन तिने वॉर्डातला नंबर फिरवला. नर्सने कुरकुर करत ओतिलियाला बोलावलं.

"कागदांची अदलाबदल झालीय ना? मिळाला का माझा, त्या स्मारांदाकडून?" ओतिलियाने चिडवत विचारलं.

"नाही."

"सांगितलंस तरी तिला?"

"नाही सांगता आलं." आणि मग ग्लिकेरियाने सगळं सांगून टाकलं. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरं निळं जन्मलं, रडलंच नाही. माशीला घाबरणारी ती बाई आता चार अंडी खाते.

मग तिला लेकीकडचा कागद आठवला.

"ओतिलिया, तुझ्याकडचा कागद कुठाय?"

"कचऱ्यात टाकला."

"ओतिलिया!"

"थांब. डबा नेला नसेल अजून."

चपला फटफटत लांब गेल्या. नर्सचा आवाज, "बाई, तुम्हाला पडून राहायला सांगितलंय ना!" काहीतरी पडल्याचा आवाज. ग्लिकेरिया रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती. रक्तदाब, तिच्या मनात आलं, हिचा रक्तदाब.

"सापडला," ओतिलिया धापा टाकत म्हणाली. "सफरचंदाच्या साली चिकटल्यात. नावं शाबूत आहेत."

"उशीखाली ठेव."

"माझ्यासाठी नाही हं. तुझ्या साम्काबिम्कावर माझा काडीचा विश्वास नाही."

"माहीत आहे मला."

"त्या बाईसाठी ठेवते."

सोमवारी दुपारी मुलगी झाली, पावणेतीन किलोची. आई आणि बाळ सुखरूप. ग्लिकेरिया देवाच्या तसबिरीपुढे उभी राहिली, पण गुडघे टेकायचं धाडस झालं नाही. अर्ध्याच कामाचे आभार कसे मानायचे?

मंगळवारपासून ओतिलियाचे फोन सुरू झाले. टाके दुखत होते, दूध उतरत नव्हतं, पण पहिला प्रश्न ठरलेला. "तिचं काही कळलं?" नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी ओतिलिया कातावली, "असं कसं नाही? तारीख काय दिलीय डॉक्टरांनी? जाऊन बघून ये ना!" घरी सोडलं तेव्हा जावई सामान भरत होता आणि ती उशीखालचा कागद स्वतः पर्समध्ये घालत होती. जावयाने हे सासूला फोनवर सांगितलं आणि विचारलं, "आई, हे बरं लक्षण आहे का?"

ग्लिकेरिया रोज ओढ्यापर्यंत जायची, पलीकडचं धुराडं बघायची आणि परत यायची. आत जायची नाही. तिथे गेलं तर सांगितल्याशिवाय राहवणार नाही, याची तिला भीती होती.

पुढच्या बुधवारी सकाळी तोआदेर टोपीशिवाय धावत आला. "दवाखान्यात नेलीय मावशी, पहाटेच!" दोघं दवाखान्याच्या ओसरीत उभे राहिले. तो नखं कुरतडत होता. तिने त्याला दोनदा टोकलं आणि तिसऱ्यांदा स्वतःचंच नख तिच्या दातांत होतं. दहाच्या सुमारास आतून रडं आलं. आधी बारीक, मग चिडकं, मग चांगलंच खणखणीत. तोआदेर मटकन पायरीवर बसला.

तिने घर गाठलं आणि बूट न काढताच नंबर फिरवला. एकच घंटा वाजली.

"मुलगा," ग्लिकेरिया म्हणाली. "रडला. खूप रडला."

ओतिलियाने नाक पुसल्याचा आवाज आला. मागे नातीचंही रडं चालू होतं.

"आई, मग आता टाकू हा कागद?"

"नाही! बाळंतिणीचे चाळीस दिवस भरायचे असतात."

"कोणाचे? माझे की तिचे?"

"तिचे."

"म्हणजे माझ्याकडे आणखी..."

"एकोणचाळीस."

"बरं," ओतिलिया म्हणाली. "पर्समध्येच ठेवते. आणि उद्या जाऊन बघून ये, तो नीट दूध पितोय का. मला फोन कर. विसरू नकोस."