कुंकवाचं मेण आणि टाकीचा दम

मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीला जे झाकण असतं, त्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते भोक मी एकदा कुंकवाच्या मेणानं बुजवलं. तेही जमीन हादरली त्या दिवशी, आणि त्याच मोटारीत बसून लातूरला निघायच्या वेळी. आज नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात. हसा म्हणावं. तेव्हा मी चाळिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई, गल्लीतल्या बायकांना शहाणपण वाटत फिरणारी बाई होते. वाटून वाटून स्वतःपुरतं उरत नव्हतं, एवढंच. पण ती मोटार ज्यांची, त्या आमच्या शेजारच्या अत्तरवाल्या चाचांविषयी सांगायचं तर हे मेणाचं प्रकरण आधी काढल्यावाचून सुटका नाही. अख्ख्या नांदेडात चाचांइतका भित्रा माणूस झाला नाही. आणि माझ्या जन्मातल्या सगळ्यात भीतीच्या दिवशी मला धीर मिळाला तो याच माणसाकडून.

चाचांचा धंदा पिढीजात अत्तराचा. म्हणजे वास बाटलीत कोंडून ठेवायचा आणि थेंबाथेंबानं विकायचा. असा माणूस मोटारीच्या बाबतीत मात्र वास कोंडला जाऊ नये म्हणून जिवाचं रान करी. मोटार काळी, गोल पाठीची, निजामाच्या अमलात त्यांच्या वडिलांनी हैदराबादेहून आणलेली. तिला चाचा ‘बुढिया’ म्हणत आणि तिला जपत ते भीतीनं, प्रेमाचा भाग नंतरचा. “पेट्रोल जळत न्हाई, सूनबाई,” ते मला सांगत. माझे सासरे त्यांना थोरल्या भावासारखे, म्हणून मी त्यांची सूनबाई. “पेट्रोल बिचारं गरीब हाय. जळती ती त्याची वाफ. वाफ लई हरामी. दिसत न्हाई, बोलत न्हाई, आन एक डाव बिघडली की मग कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई.” या हरामी वाफेपायी बुढिया उन्हाळाभर कडुलिंबाखाली उभी असे आणि तिच्या पाठीवर ओलं गोणपाट असे. टाकी ते कधी काठोकाठ भरू देत नसत. पंपावरचा माणूस नळी धरून उभा, आणि चाचा दोन्ही हात पसरून त्याला आडवे: “बस, बस! पोटात चार घासांची जागा सोडावी. माणसानं बी आन टाकीनं बी!” ईदेला शिरखुर्म्याला येणाऱ्या पाहुण्यांना बिडी गल्लीच्या तोंडाशीच विझवावी लागे. एकदा आमच्या गल्लीतून वरात निघाली, तर नवी शेरवानी घातलेले चाचा वाळूची बादली मांडीवर घेऊन मोटारीच्या मागं बसले होते, आणि फटाका वाजला की नवरदेवापेक्षा तेच जास्त दचकत होते.

पण खरा सोहळा सकाळचा. फजरची नमाज झाली की चाचा मोटारीच्या मागं जाऊन वाकत आणि टाकीच्या झाकणाला कान लावत. त्या बारीक भोकातून टाकी श्वास घेते, असं त्यांचं म्हणणं. ऊन चढलं की आतली वाफ फुगून बाहेर पडते. गाडी पळायला लागली, पेट्रोल कमी होत गेलं, की तेवढीच हवा बाहेरून आत जाते. “दम चालू हाय,” असं म्हणून ते कान पुसत आणि मगच चहाला बसत. चाचींना दम्याचा आजार. त्या उंबऱ्यावरून ओरडत, “माझा दम कधी ऐकला न्हाई या माणसानं! त्या बुढियाचा रोज ऐकून राहिला!” कुणा जावयानं हौसेनं चकचकीत नवं झाकण भेट आणलं. चाचांनी ते उलटसुलट फिरवलं, भोक दिसेना, तेव्हा शांतपणे परत केलं. “जावईबापू, हे झाकण हाय का कफन?”

मला मात्र त्या भोकाचा मनातून राग होता. मोटारीत बसलं की पेट्रोलचा वास यायचा, माझं डोकं चढायचं आणि पदर नाकाला लावून मी मनाशी ठरवायची, की एवढं हुशार म्हणवणारे चाचा, पण गळकं झाकण बदलत नाहीत.

त्या वर्षी आमची थोरली लातूरला होती. अकरावी. तेव्हा लातूरच्या ट्यूशनचं वारं नुकतंच वाहायला लागलं होतं. लोहा, बिलोली, जळकोट, जिथून तिथून पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन तिकडं निघालेली. पोरगी जायला तयार नव्हती. “डॉक्टर व्हायचंय,” असं मी तिच्या वतीनं सांगितलं होतं. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे जमीन हलली. आमच्या फळीवरची भांडी खाली आली, एवढंच. पण उजाडता उजाडता बातम्या यायला लागल्या. लातूरच्या बाजूला गावंच्या गावं बसली म्हणे. टेलिफोन लागेना. आमचे हे कामासाठी हैदराबादला गेलेले. मी अंगणात उभी, हातात एक घागर, ती कशासाठी घेतली होती ते आजही आठवत नाही. इतक्यात चाचा आले. तोंड पांढरं फटक, पण मोटारीची चावी हातात. म्हणाले, “सूनबाई, चल. पोरीला घेऊन येऊ.”

चाचांनी कान लावून दम ऐकला आणि पाण्याची सुरई आणायला ते घरात गेले. गल्लीत तेवढ्यात कुणीतरी सांगत होतं, की जमिनीला भेगा पडल्यात आणि त्यातून वाफ निघून राहिली, काडी ओढली तर पेट घेईल. वाफ हा शब्द ऐकला आणि माझं उरलंसुरलं डोकं गेलं. खाली जमिनीची वाफ, वर टाकीची वाफ, आणि मधे मी! पोरीपर्यंत पोचायचं कसं? आमच्या सासूबाईंना टिकली चालत नसे. कपाळाला आधी मेणाचं बोट आणि त्यावर कुंकू, हा घरचा कायदा. मेणाची डबी पिशवीत होतीच. मी इकडंतिकडं पाहिलं, मेणाची गोळी केली आणि ते भोक असं गच्च लिंपलं की सासूबाई पाहत्या तर शाबासकी देत्या. मग समाधानानं मोटारीत जाऊन बसले.

लोहा गेलं आणि बुढिया अडखळली. आचके दिले आणि थांबली. चाचांनी पुढचं बॉनेट उघडलं, नळी फुंकली, प्लग पुसले. थोडा वेळ गेला की ती आपोआप सुरू व्हायची, कोस-दीड कोस जायची आणि परत थांबायची. समोरून येणारा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, “तिकडं कशाला चाललात? जमीन अजून हलून राहिली!” ट्रॉलीत गप्प बसलेली माणसं होती. मी पोरीचं नाव घेऊन देवाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग अहमदपूरच्या अलीकडं, गाडी चालती असताना, मागून आवाज आला. ‘ढब्ब!’ पत्र्याचा, पोकळ. “या अल्ला, परत हलली!” म्हणत चाचा ब्रेक मारून, दार उघडून रस्त्याच्या कडेला, आणि मी त्यांच्या मागं. दोघं बाभळीखाली उभे राहून जमिनीकडं पाहत होतो. जमीन गप्प होती. बाजूच्या शेतात एक म्हैस निवांत रवंथ करत होती. चाचांनी म्हशीकडं पाहिलं, मग मोटारीकडं पाहिलं.

“जनावर भ्यालं न्हाई,” ते हळूच म्हणाले. “मंग हलली ती जमीन न्हाई.”

ते मागं गेले, वाकले, झाकणाला कान लावला. “दम न्हाई,” ते म्हणाले. झाकण फिरवलं, तर ‘स्सूऽऽप’ करून अशी हवा आत गेली, की पाण्यातून वर आलेल्या माणसानं श्वास घ्यावा. आतून पत्रा पुन्हा ‘ढब्ब’ वाजला आणि जागेवर आला. हवा आत जायची वाट मी बंद केली होती. पेट्रोल कमी होत गेलं तशी टाकी आतल्या आत पिचत होती आणि इंजिन उपाशी मरत होतं. चाचांनी टोपीत खोचलेली टाचणी काढली, अत्तराच्या कुप्यांच्या तोंडात अडकलेला मळ ते त्याच टाचणीनं काढत, आणि भोकातून मेण उकरलं. मेणाला कुंकवाचा लाल कण लागलेला होता. चाचांनी तो पाहिला. माझ्या कपाळाकडं पाहिलं. मग टाचणी टोपीला पुसून गाडीत बसले. बुढिया जी सुटली ती लातुरातच थांबली.

पोरं मैदानात होती, उघड्यावर, रजया पांघरून. आमची एका कडेला छत्री उघडून बसलेली, मांडीवर फिजिक्सचं गाईड, ते उलटं धरलेलं. मला पाहिलं आणि म्हणाली, “आई, सरांनी सांगितलंय, उद्याची टेस्ट रद्द.” आणि मग जी रडायला लागली ती नांदेडपर्यंत. लोहा गेल्यावर मी तिला म्हटलं, की नको असेल तर नको जाऊस परत. ती गेली नाही. डॉक्टर झाली नाही. हस्ता नावाच्या खेड्यात शाळेत शिकवते आणि माझ्यावर ओरडते, छान चाललंय.

त्या दिवसाबद्दल चाचा कुणाला काही बोलले नाहीत. फक्त पुढं कधीही मोटारीत बसायच्या आधी ते दार अडवून म्हणत, “सूनबाई, कपाळ दाखव.” कपाळावर मेण-कुंकू जागेवर दिसलं, की “हां, हितं हाय, मंग बस.” वर्षानुवर्षं हा एकच विनोद, आणि मी दर वेळी हसायची.

मग आमचे हे गेले. त्यानंतरच्या जूनमध्ये धाकट्याला त्याच्याच हट्टानं लातूरला पोचवायचं होतं. जमीन हलली तरी ट्यूशनचा पाया काही हलला नव्हता, उलट गल्लीगल्लीत पाट्या लागल्या होत्या. ट्रंक वर बांधून झाली. चाचा दारापाशी आले, थकलेले, पण टोपीत टाचणी तशीच. सवयीनं म्हणाले, “सूनबाई, कपाळ…” आणि थांबले. माझ्या मोकळ्या कपाळावरून नजर काढून ते मागं जाऊन उगीच झाकणाशी चाळा करत बसले. त्यांची ती दशा मला बघवेना. काहीतरी विषय हवा म्हणून मी विचारलं, “चाचा, त्या दिवशी माझा राग आला नव्हता का हो?”

त्यांनी झाकणाला कान लावला, दम ऐकला, आणि तसंच वाकलेलं असताना म्हणाले, “राग? अगं, त्या दिवशी मी सोताच लई भ्यालतो. जमीन का हलली, कुणाला इचारावं? समद्या मुलखात तेवढं एकच भ्याव होतं, जे टाचणीनं काढता आलं.”