तुमच्याच सवयीचा शब्द

“ठेवलेली म्हणजे काय, बाई? नीट शब्द वापरा.”

साहेबानं चष्म्यावरून माह्याकडं पाहिलं. सुनावणीचा हॉल भरलेला. मी हातात अर्ज घेऊन उभी. आमच्या वस्तीमागं एक मोठी जागा आहे, तिचीच सुनावणी होती. शहराच्या विकास आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. नकाशात हिरवा रंग दिला आहे तिले. पण जागा अजून मालकाच्याच ताब्यात. तो तिथं लॉन चालवते, लग्नं लावते, चारी बाजूनं टिना ठोकून ठेवल्या. आता त्याले आरक्षण उठवून फ्लॅट स्कीम टाकाची आहे. त्यासाठी आधी आराखडा बदलावा लागते. अन् आराखडा बदलाच्या आधी लोकायच्या हरकती ऐकाव्या लागतात. म्हणून मी आली होती.

अन् बोलली काय? “साहेब, ती जागा पोट्ट्यायसाठी ठेवलेली आहे.”

अर्जात बरोबर लिहिलं होतं, आरक्षित. तोंडातून निघालाच नाही.

लॉनवाला पहिल्याच रांगेत बसून होता. वळला अन् मोठ्यानं बोलला, “आरक्षण म्हणा ना बाई! लाजता काहून? तुमच्याच तं सवयीचा शब्द आहे!”

हॉल हसला. साहेबबी हसला. अन् मी? मीबी हसली. दात काढले मी त्यायच्या सोबत. त्याचं बोलणं लागलं, पण हे माहं हसणं जास्त लागलं. मग जेवणाची सुट्टी झाली, पुढची तारीख पडली, अन् मी खाली मुंडी घालून जिना उतरली.

सरकारी दवाखान्यात नर्स आहे मी. नोकरी लागली तवापासून हा शब्द ऐकून राहिली. “तुमचं बरं असते बाई, तुमाले आरक्षण असते.” चहा पिता पिता म्हणतात. रात्रपाळ्या माह्या, पेशंटच्या शिव्या मले, अन् बरं काय तं आरक्षण! मग सवयच लागली. हा शब्द आला का आवाज खाली. बाबासायबाचा फोटो घरात अन् शब्द मात्र पोटात. अशी मी.

माही पोट्टी नववीत आहे. धावते. जिंकतेबी. पण धावाले जागा कुठं? रिंग रोडच्या कडेनं. एक दिवस मागून रेतीचा टिप्पर आला, ही बाजूले झाली ते सरळ नालीत. गुडघा फुटला. घरी येऊन म्हणते, “आई, मी धावणं सोडून देते. राहू दे वं.” अन् टिनेच्या पलीकडं तेवढं मोठं मैदान रिकामं. त्यात कोणाच्या तरी हळदीचा मांडव.

दवाखान्यात माह्या वार्डातली एक सिस्टर आहे, ते शहरातल्या बड्या लोकायच्या धरमपेठेत राहते. तिची पोट्टीबी धावते. घरातून निघाली का मैदान. सरळ सांगते, मी जळते तिच्यावर. तिच्या पगारावर नाही, साडीवर नाही. त्या मैदानावर. ती मोबाईलमध्ये पोट्टीचा फोटो दाखवते तं माह्या पोटात दुखते. “किती छान वं,” म्हणते मी, अन् आतून अंगाचा तिळपापड. तिच्या पोट्टीचे पाय पाहते, गुडघ्यावर एक खरोच नाही. त्या लेकराचं काय चुकलं? काहीच नाही. तरी जळते.

“तुम्ही पण इकडे आणत जा ना हो तिला,” सिस्टर म्हणाली. जशी आमच्या दारातून गाडीच सुटते धरमपेठेले!

तरी एका रविवारी घेऊन गेली. दोनदा गाडी बदलून. पोट्टी मैदानावर उतरली अन् जी सुटली! असं धावताना मी तिले कधी पाहिलंच नव्हतं. मागं वळून पाहत नव्हती. गाडीची भीती नव्हती ना. मले रडू आलं, अन् त्या रडण्यातबी जळणंच होतं. हे यायले रोज भेटते. रोज!

परत निघताना फाटकापाशी गंजलेली पाटी दिसली. विकास आराखड्यानुसार खेळाच्या मैदानासाठी आरक्षित. बांधकामास मनाई.

मी उभीच राहिली.

“काय पाहून राहिली वं आई?”

काय सांगू तिले? हेबी आरक्षणच! नाही तं धरमपेठेतली एवढी जागा कोण सोडते? कवाचेच फ्लॅट झाले असते. आराखड्यात लिहिलं होतं अन् ते पाळलं गेलं, एवढंच. सिस्टर रोज आरक्षणावर फिराले जाते. तिची पोट्टी आरक्षणावर धावते. अन् चहाच्या टाइमाले मलेच म्हणते, तुमचं बरं असते. इथं कोणी हसत नाही. इथं पाटी लावतात, फाटक लावतात. आमच्या वस्तीत तोच हिरवा रंग आला तं हॉलभर हसू?

पुढच्या तारखेले मी पुन्हा उभी राहिली. अर्ज उघडून धरला. लॉनवाला तिथंच, पहिल्या रांगेत.

“तुमचं म्हणणं सांगा.”

“आरक्षण,” मी म्हटलं. मोठ्यानं. मागं कोणीतरी खुसखुसलं. “हसून घ्या, मी थांबते. झालं? आता लिहा, साहेब. ती जागा आरक्षित आहे. धरमपेठेतलं मैदान ज्या शब्दानं वाचलं, त्याच शब्दानं आमचंबी वाचलं पाहिजे. आराखडा तिथं कायदा अन् आमच्या इथं नुसता कागुद, असं काहून?”

“बाई, तुम्हाला नक्की काय पाहिजे?”

“आरक्षण पाहिजे. हौ, आमाले पाहिजे.”

साहेबानं लिहून घेतलं. निर्णय वरून येईल म्हणाला. तो अजून आला नाही. टिना तशाच आहेत, मांडव पडतेच आहे, पोट्टी रोडच्या कडेनंच धावते.

मी अजूनही जळते. सिस्टरनं फोटो दाखवला का जळते. पण आता “किती छान” म्हणत नाही. “आमचं बाकी आहे,” म्हणते. आराखडा बदलला तं कोर्टात जाईन. तिथंबी कोणी हसंल. हसू दे. मी नाही हसणार.