गणवेशाची तीन बोटं दुमड

गणवेश शिवून देणाऱ्या कंत्राटदाराने आमच्या शाळेतल्या पहिलीच्या लेकरांना फसवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत फसवलं. नमुना म्हणून आणलेल्या फ्रॉकला खाली तीन बोटं कापड आत दुमडलेलं होतं. नंतर आलेल्या गठ्ठ्यांतल्या एकाही फ्रॉकला किंवा पँटला ते नव्हतं.

हातगाडीवर टॉवेल-रुमाल विकत विकत मी महाल भागातल्या बाजारात स्वतःच्या कापडदुकानापर्यंत आलो. दुकानात माल आला की प्रत्येक गठ्ठा फोडून पाहतो, मग पाठवणारा सख्खा मेहुणा का असेना. शाळेत मात्र मी गठ्ठे न फोडता माल मिळाल्याची सही केली. पालकांच्या समितीतर्फे भाव मीच पाडला होता, कंत्राटदाराला पार रडकुंडीला आणून. त्या विजयातच मी होतो.

शाळा उघडायला दोन दिवस होते. आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी भरते, तरी वर्गाची भट्टी झाली होती. आम्ही चार-पाच पालक बाकं धूत होतो. पहिलीच्या मॅडम फरशीवर बसून एकेक फ्रॉक उलटा करून पाहत होत्या.

याच मॅडमसाठी मी धाकटीलाही या शाळेत घातलं. बाजारातले लोक हसले की एवढं दुकान आणि पोरगी सरकारी शाळेत. हसू दे. माझ्या थोरलीला अक्षर ओळखू येईना, तेव्हा मॅडम संध्याकाळी दुकानात आल्या, तिचं बोट धरलं आणि गल्लीतल्या पाट्या वाचायला लावत तिला फिरवून आणलं. असं आठ दिवस केलं. नवव्या दिवशी पोरगी मलाच माझ्या दुकानाची पाटी वाचून दाखवत होती.

"भाऊ, हे सोडायचं कुठून?" मॅडमनी फ्रॉकची कड माझ्यापुढे धरली.

मी हात लावला आणि अंगाची लाही झाली. पहिलीतलं लेकरू वर्षात सरसर वाढतं. दुमड उसवून कापड खाली सोडता आलं नाही, तर दिवाळीनंतर फ्रॉक गुडघ्याच्या वर. मॅडमनी मागच्या वर्षीच्या एका मुलीचं सांगितलं. फ्रॉक आखूड झाला, पोरं चिडवू लागली, ती यायचीच थांबली. आई धुण्याभांड्याची कामं करते, दुसरा फ्रॉक आणणार कुठून? मॅडम तीनदा तिच्या घरी गेल्या. पोरगी परतली तोवर सगळा वर्ग वाचायला लागला होता.

मी तडक कंत्राटदाराकडे गेलो. तो शांतपणे चहा पीत म्हणाला, "भाव तुम्हीच पाडला ना भाऊ? मग दुमड काय मी घरून आणू?" आणि माझी सही पुढे केली. मी इतका ओरडलो की अर्धी गल्ली जमली. त्याने माल परत घेतला नाही.

शाळेत येऊन मी जाहीर केलं की गठ्ठे त्याच्या दारात फेकतो, तोवर लेकरं घरच्या कपड्यांत येतील. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही भांडा भाऊ, मी काही थांबवून नाही राहिली," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या दिवशी माझं एकही लेकरू जुन्या कपड्यात येणार नाही. आधी मशिनी आणा."

दुसऱ्या दिवशी चार आयांच्या शिलाई मशिनी रिक्षातून वर्गात आल्या. मी त्याच रंगाचं कापड दिलं. प्रत्येक फ्रॉकच्या आणि पँटच्या खाली पट्टी जोडायची, आत वळवून टाचायची. मॅडमची अट एकच होती, पट्टी सगळ्यांना लागेल, ज्यांना दुसरा गणवेश परवडतो त्यांनाही. म्हणजे पुढे कोणाचा फ्रॉक उसवला यावरून कोणी कोणाला गरीब म्हणून ओळखणार नाही. माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

घरी ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "तुम्ही फक्त कापड विका जी," ती म्हणाली, "आणि सही करताना डोळे दुकानात ठेवून आले होते काय?" सगळ्या हसल्या. मला कोणी असं बोललं तर मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

शाळा उघडली त्या सकाळी पहिलीच्या नव्या मुलांच्या पावलांचे ठसे घेतले, दरवर्षी घेतात तसे. मॅडम खाली बसून एकेक पाऊल हातात धरत, कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठेवत, मग स्वतः पुसत. रडणारी पोरं त्यांच्यापर्यंत पोचली की गप्प होत. सगळी गणवेशात होती. मी माणसं पारखून पोट भरतो. या बाईचा भाव मला करता यायचा नाही.

आता त्याच कंत्राटदाराचा पुढच्या वर्षासाठीचा अर्ज समितीपुढे आला आहे. गठ्ठे न फोडणं ही माझी चूक, ती मी सगळ्या पालकांसमोर कबूल केली. त्याला माझ्या भावात परवडत नव्हतं, तर नाही म्हणायला तोंड होतं. शनिवारी पालकसभा आहे. त्याने यावं, मॅडमसमोर उभं राहावं आणि सहा वर्षांच्या लेकरांच्या अंगावरचं कापड कोणाला विचारून कापलं, याचं उत्तर द्यावं.