बावीस जणांचा कागद

भाकरीचा पहिला घास तोंडाशी नेला की नाना फोरमन समोर येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "आग लागनी. तू काय करशी?"

मी नवीन होते तेव्हा दचकून उठलेच. आग कुठेच नव्हती. बाकीच्या बायका हसत होत्या. वत्सलाबाई म्हणाली, "आधी भाकर संपाडसू, नाना, मंग पळसू."

"मंग तू अन् तुन्ही भाकर, दोन्ही शेकाई जाशात," असं म्हणून नाना पुढच्या बाईकडे गेले.

शिरपूरच्या बाजूला आमची जिनिंग आहे. तिथे मशीन कापसातली सरकी काढते आणि रुईच्या गाठी बांधतात. आम्ही बायका कापसातला पाला-काडी वेचतो. एखादा खडा मशीनमध्ये गेला, ठिणगी उडाली, की रुई पेटायला वेळ लागत नाही. नानांनी तरुणपणी धुळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये अशी आग पाहिली होती. तिथे काय झालं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

ऑफिसात काचेच्या चौकटीत एक छापील कागद होता. त्यावर 'कृती आराखडा' असं लिहिलेलं. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावत तो वाचला. 'आग लागल्यास सर्वांनी शांतपणे मुख्य दरवाजाने बाहेर पडावे.' नाना त्यातल्या 'सर्वांनी'वर बोट ठेवून म्हणायचे, "बठ्ठा म्हणजे कोन? बठ्ठास्नं काम ते कोनंच काम नही."

एके दिवशी त्यांनी न सांगता शिट्टी वाजवली. मुख्य दरवाजाकडे फक्त हमाल गेले. पाच-सहा बायका धावल्या त्या थेट मागच्या बाजूला, कारण तिथे कडुनिंबाला त्यांच्या पोरांच्या झोळ्या बांधलेल्या होत्या. ऑफिसातले साहेब चिडले. "एवढं सांगून कळत नाही का तुम्हाला? कागद काय शोभेला लावलाय?"

नाना मागे जाऊन झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर पुढच्या दरवाजाबाहेर लोखंडी खांब रोवलेले, वर पत्र्याची सावली, आणि खांबांना झोळ्यांसाठी दोर. साहेबांना ते म्हणाले, "माय लेकराकडेच पळई. कागद लिखाना आधी पाय कोठे जातस ते पहा."

मग त्यांनी स्वतःचा कागद केला, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. बावीस जणांची बावीस नावं आणि प्रत्येकापुढे एकच काम. मशीनवाल्याने मेन स्विच बंद करायचा. वत्सलाबाईने वाळूची बादली उचलायची. माझ्यापुढे लिहिलं होतं, बाहेर माणसं मोजून आकडा ओरडून सांगणे. बावीस भरले की हमालांनी दरवाजाचं शटर पाडायचं, म्हणजे आगीला वारा मिळणार नाही.

मी घाबरले. "नाना, मला ओरडता येत नाही."

"जी बोलत नही ती पहात ऱ्हास," ते म्हणाले. "मला पहानारी पाहिजे."

आग खरंच लागली ती भर दुपारी. नानांची शिट्टी वाजत राहिली आणि सगळे बाहेर आले. मी मोजलं, परत मोजलं आणि ओरडले, "बावीस!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. साहेब म्हणाले, "पूर्ण आहेत. पाडा शटर." हमालांनी शटर ओढायला घेतलं. तेवढ्यात शिट्टी थांबलेली माझ्या लक्षात आली. मी चेहरे पाहिले. बावीस बरोबर होते, पण त्यांत नाना नव्हते. कागदावरही नव्हते.

"नाना आत आहेत!" मी ओरडले. साहेब म्हणाले, "अगं, तूच बावीस म्हणालीस ना?" मी काही समजावत बसले नाही. धावत जाऊन शटरखाली उभी राहिले.

दोन हमाल आत शिरले. नाना पेटलेल्या ढिगाजवळची चांगली रुई दाताळ्याने मागे ओढत होते. त्यांना काखेत धरून बाहेर आणलं, मगच शटर पडलं. हात भाजला होता, डोळे लाल झाले होते. पाणी प्यायल्यावर ते पहिलं बोलले, "कागद आन." आणि कागद पाहून हसत सुटले, खोकला येईपर्यंत. "मन्हंच नाव नही यामा! लिख माय, तूच लिख."

सगळ्यांच्या खाली मी वाकड्यातिकड्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. साहेब म्हणाले, टाईप करून घेऊ. नानांनी करू दिलं नाही.

पुढे गुडघ्यांनी त्रास दिला म्हणून ते चाळीसगावला मुलीकडे गेले आणि मागच्या साली तिकडेच वारले. कागदाचं काम आता माझ्याकडे आहे. तो हातात घेतला की मी नावं वाचत नाही, कोण राहिलं ते शोधते. या हंगामात एक सापडला. कापसाची गाडी रिकामी होईपर्यंत तिचा ड्रायव्हर आत गाठींच्या सावलीला झोपतो. गाडी रोज वेगळी, माणूसही वेगळा, त्याचं नाव कागदावर कसं लिहायचं?

म्हणून आता गाडी आत आली की मी पदर सावरून फाटकाशी जाते. त्या दिवसाच्या मोजणीत धरायला ड्रायव्हरला विचारते, "भाऊ, नाव काय तुमचं?"